चिकटलेली दोन पानं

धर्मशाळेच्या ओसरीवर त्या दुपारी नऊ बायका होत्या. तान्ही मुलं दोन, पाट्या सात, पेन्सिलीचे तुकडे अकरा, अर्धवट दुरुस्त केलेलं जाळं एक आणि पुस्तक एक. पुस्तकाचं वरचं पान फाटून गेलं होतं, त्यामुळे त्याचं नाव काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आतली पानं सोळा. प्रत्येक पानावर वर चित्र आणि खाली ओळी. कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार. सगळ्या मिळून त्रेपन्न.

ही मोजदाद नथ्थू मास्तरांची. साक्षरतेच्या मोहिमेत धुळ्याहून पेटी आली तेव्हा त्यांनी प्रत्येक वस्तू मोजून घेतली होती. पेटीत पुस्तकं एकवीस होती, पण वीस अंकलिप्या निघाल्या आणि एकच चित्रांचं. ते समुद्रकाठच्या कोळ्याच्या घराचं होतं. बाबा, आई, मुलगी आणि शिडाची होडी. कोरीटच्या भोईवाड्यातल्या बायकांनी अंकलिप्या एकदाच उघडल्या. कमळ, गवत, घड्याळ असं काहीबाही होतं त्यात. हे पुस्तक मात्र हातोहात फिरलं. यातल्या माणसांच्या हातात जाळं होतं.

"सिंधू, वाच वं," फुलवंताबाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी. हातातली बांबूची सुई न थांबवता ती जाळ्याचं भोक बुजवत होती. "तू वाचस तं तो बाबा बोलाले लागस."

सिंधुबाईने पदर कानामागे सारला आणि पुस्तक मांडीवर घेतलं. तिचा आवाज खणखणीत होता. "बाबा जाळे ओढतो. जाळे जड शे."

"आहे," मास्तर म्हणाले. "तिथे आहे असं लिहिलंय."

"आहे म्हणा का शे म्हणा, जाळं तं जडच शे ना मास्तर?"

बायका हसल्या. मास्तरही हसले. ते म्हसावदकडचे होते, घरी तेही शेच म्हणत. तीन आठवड्यांत ही बाई सोळाच्या सोळा पानं घडाघडा वाचू लागली होती. त्यांनी वहीत तिच्या नावापुढे लिहूनही टाकलं होतं : वाचन पूर्ण.

त्या वाचनावर एका घराचं पोट होतं. सिंधुबाईचा सासरा भिला भोई चाळीस वर्षं तापीवर लोकल बोर्डाची नाव चालवत होता. गेल्या श्रावणात, सन अडतीसच्या, एका गाडीवानाने त्याला चिठ्ठी आणून दिली. वरच्या पाटलानी शे, एवढंच तो म्हणाला आणि बैल हाकून पुढे गेला. भिलाने ती पागोट्यात खोचली. शाळा सुटली की मास्तरांकडून वाचून घेऊ, असा त्याचा विचार. शाळा सुटायच्या आत पाणी आलं. चिठ्ठीत तेच लिहिलेलं होतं. नावेचा दोर तुटला, नाव अर्धा कोस खाली जाऊन खडकावर आपटली, तिची एक फळी फुटली आणि तीन वर्षं खपून विणलेलं मोठं जाळं वाहून गेलं. नावेत माणूस नव्हतं एवढंच बरं. त्यावर बोर्डाचा हुकूम आला. नावेवाल्याच्या घरात निदान एक माणूस वाचणारं हवं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठव्या दिवशी कारकून येऊन परीक्षा घेईल. नसेल कोणी, तर नाव शहाद्याच्या एका ठेकेदाराकडे जाईल.

भिलाचे डोळे आता जवळचं दाखवत नव्हते. नवरा छगन चार दिवस वर्गाला बसला. "अक्षर देखं का मन्हा डोया झाकाई जातस," असं म्हणून त्याने पाटी बायकोच्या हातात दिली. राहिली सिंधुबाई.

*

माघ सरला. पात्र आटत चाललं तशी भोयांनी वाळूत डांगरांची वाडी धरली. टरबुजाचे वेल तीन ओळींत, प्रत्येक ओळीत चाळीस आळी. पाणी घागरीने. सकाळी वाळू गार असते तोवर सिंधुबाई साठ खेपा करी, मग छगन उरलेल्या. चैत्रात वाळू अशी तापली की तळव्यांना गोणपाट बांधल्याशिवाय पाय ठेववेना. खांद्यावर घागरीच्या काठाचा काळा वण पडला होता. त्या वणावर हात फिरवत ती दुपारी धर्मशाळेत येई, आणि पुस्तक हातात आलं की तो दुखायचा थांबे.

अशाच एका दुपारी पान उलटताना तिचं बोट अडलं.

"मास्तर, हाई पान जाड शे."

"पुठ्ठा असेल."

"पुठ्ठा नही. दोन शेतस." जाळ्याचा दोरा दुपदरी की तिपदरी हे ती अंधारात बोटांनी सांगे. पेटीला वाटेत कुठेतरी ओल लागली असणार, पानं एकमेकांना बसली होती. तिने फुलवंताबाईची सुई मागून घेतली, टोक कडेत घातलं आणि माशाचं पोट उघडावं तसं हळूहळू सोडवत नेलं. आत आणखी दोन पानं निघाली. उजवीकडचं चित्र उखडून गेलं होतं, खाली नुसत्या ओळी. डावीकडचं चित्र शाबूत होतं.

सगळ्या पुढे सरकल्या. चित्रात पाणी नव्हतं. काळा चिखल दूरवर पसरलेला, त्यात तीन होड्या कलंडून पडलेल्या. बाबा एका होडीच्या काठावर बसलेला, हात कपाळाशी.

"वाचा," मास्तर म्हणाले. पान नवं होतं, त्यांनीही पाहिलं नव्हतं. ते उभे राहून तिच्या खांद्यावरून बघू लागले.

सिंधुबाईने ओळींखाली बोट धरलं. "पाणी आटून गेले आहे. होड्या चिखलात रुतल्या आहेत. यंदा पाऊस झाला नाही. बाबा कपाळाला हात लावून बसला आहे. आई म्हणते, आता दुसऱ्या गावी जाऊ."

फुलवंताबाईने मांडीवरचं जाळं बाजूला सारलं. "मन्ही सासू सांगे," ती म्हणाली, "छप्पनना दुकायमा आपली तापी बी अशीच पडेल व्हती. बिचारास्ना डोकावर काय दिन उना वं." शेजारच्या दगूबाईने डोळ्यांना पदर लावला.

मास्तरांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी पुस्तक मागितलं, ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग त्यांनी मागचं एक जुनं पान काढलं, चित्रावर आपली टोपी ठेवली आणि फक्त अक्षरं तिच्यापुढे धरली.

"हे वाचा."

सिंधुबाईने बोट ठेवलं. बोट ओळीवरून सरकलं.

"ब," ती म्हणाली. "बाबा..." पुढे तिला अक्षरं दिसत होती, सगळी ओळखीचीही होती, पण ती सुटी सुटी, भाजायला टाकलेल्या फुटाण्यांसारखी. टोपीखाली कोणतं चित्र आहे ते कळलं असतं तर तिने क्षणात सांगितलं असतं.

"सिंधुबाई," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "चिखलाच्या पानावर पाऊस नाही. कपाळाला हात नाही. दुसरं गाव नाही. तुम्ही म्हणालात त्यातलं तिथे जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही." मग त्यांना बायकांच्या नजरा दिसल्या आणि ते घाईने म्हणाले, "चूक माझी आहे. मी म्हणत गेलो, तुम्ही पाठ करत गेलात."

तिने पुस्तक खाली ठेवलं, घागर उचलली आणि ती निघून गेली. परीक्षेला चौतीस दिवस होते.

*

दोन दिवस ती वर्गाला गेली नाही. वाडीत गेली, वाकून आळी उकरली, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी छगन तिच्या हातातली घागर काढून घेत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर खेपा व्हयन्यात तुन्ह्या. वेल बुडी मरतीन."

"मरू द्या."

"वेलनी काय करं तुन्हं?"

तिला हसू आलं नाही, पण ती सावलीत जाऊन बसली.

तिसऱ्या सकाळी पलीकडच्या काठावर गुजरांच्या दोन बायका बाजारच्या पाट्या घेऊन हाका मारत होत्या. छगन वाडीत होता, म्हणून भिलाने सुनेला नावेत घेतलं. पाणी उपसायला माणूस लागे. नव्या फळीच्या सांध्यातून अजून झिरपत होतं. ती पायाशी बसून डब्याने पाणी काढू लागली. म्हातारा पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभा राहिला.

या काठाला पात्राने उन्हाळ्यात जागा बदलली होती. भिला डोळे बारीक करून पाण्याकडे बघे. जवळचं दिसत नसलं तरी लांबचं पाणी त्याला दिसे. हिरवं दिसलं की म्हणे छाती, पिवळसर दिसलं की म्हणे गुडघा. म्हणे आणि लगेच बांबू टोचून बघे.

"कंबर," तो म्हणाला आणि बांबू घातला. बांबू खाली गेला, आणखी गेला, त्याचं मनगट भिजलं. "हात्तिच्या! पुरुषभर शे!" तो स्वतःशीच हसला. बांबू ओढून त्याने नाव बाजूला घेतली.

"आबा, चाळीस साल व्हयनात तुम्हले. तरी चुकतस?"

"रोज चुकस."

"मंग डोयानं देखतस कसाले? नुस्ता बांबूच टोचाना."

"नुस्ता बांबू टोचत बसू तं पल्ला काठ दुपारले येई. डोया सांगस बांबू कोठे टाकाना. बांबू सांगस डोया खरा का खोटा." त्याने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. "गुडघा," म्हणाला, बांबू घातला, आणि गुडघाच निघाला. "डोया दोस्त शे, बेटा. पण त्याना भरवसावर पाय टाकाना नही."

ती डबा हातात धरून बसून राहिली. पाणी पायाशी चढत होतं. "उपस ना वं," म्हातारा ओरडला, "का आपलाच डोह करानी शे?"

*

त्या दुपारी ती सगळ्यांच्या आधी धर्मशाळेत पोहोचली.

"मास्तर, तं चिखलनं पान काढा. चित्र झाकू नका. पहिले मी सांगसू काय लिहेल व्हई. मंग एक एक शब्द टोचसू."

"टोचसू म्हणजे?"

तिने बोट दाखवलं.

मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि समोर बसले. तिने चित्राकडे पाहिलं. "पाणी आटून गेले," ती म्हणाली. मग बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. "पा. णी. पाणी. खरं शे." बोट पुढे. "ग. ला मात्रा. गे. ले. गेले. आटून कोठे शे? आटून नही." ती थांबली. "पाणी गेले आहे. आटलं नही, गेलं." घाम पुसून ती पुढे सरकली. होड्या रुतल्या नव्हत्या, बसल्या होत्या. बाबा लांबवर बघत होता. कपाळावरचा हात ऊन अडवायला होता. आणि आईच्या ओळीपाशी तिने तीनदा बोट मागे आणलं.

"ह. स. ते. हसते?" तिने चित्रात पाहिलं. आई कोपऱ्यात होती, बोटाच्या पेराएवढी, आणि खरंच हसत होती. दुष्काळाचंच चित्र समजून आतापर्यंत तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

एव्हाना बाकीच्या आल्या होत्या. शेवटची ओळ वाचायला सिंधुबाईला बराच वेळ लागला. "संध्याकाळी... पाणी... पर... परत... येईल." तिने मान वर केली. "मास्तर, हाई छापणाराची चूक शे. गयेल पाणी परत येस का कधी?"

"भोईवाडाले विचार," फुलवंताबाई म्हणाली. "तापीनं गयेल पाणी सुरतले जास. परत येवाले त्याले काय माहेर शे अठे?"

"उजवीकडचं पान वाचा," मास्तर म्हणाले.

त्या पानाला चित्र नव्हतं. उखडलेल्या रंगाचा एक निळा डाग होता फक्त. डोळ्याला धरायला काही नाही. सिंधुबाईने बोट ठेवलं आणि अक्षरामागून अक्षर चाचपत गेली. "पाणी आले. होड्या त-रं-ग-ल्या. तरंगल्या. बाबा आणि आई निघाले." ती परत पहिल्या शब्दावर आली आणि सगळं सलग वाचलं. मग 'आले' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "उनं."

"काय उनं?"

"पाणी उनं. खरंच उनं."

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा मागे जातं आणि दोनदा येतं, चंद्र त्याला ओढतो, असं मास्तरांनी सांगितलं.

"तुम्ही देखं?" तिने विचारलं.

मास्तरांनी टोपी सारखी केली. "नाही. नंदुरबारच्या पलीकडे मी धुळ्यापर्यंतच गेलोय. मीही वाचलंच."

सिंधुबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. या गावात कोणी न पाहिलेली गोष्ट तिला त्या दोन पानांनी सांगितली होती, आणि ती तिला न पटताही सांगितली होती.

"दिनमा दोनदा?" फुलवंताबाई अजून तिथेच होती. "मंग तठल्या बाया लुगडं वाळत कव्हय घालतस?"

*

मग ती टोचत सुटली. गूळ बांधून आलेला कागद, काडेपेटीचं झाकण, देवळाच्या पायरीवर कोरलेलं कोणा दात्याचं नाव. मास्तर रोज एक चिठ्ठी लिहीत आणि शेवटी मुद्दाम भलतंच घालत : बैल झाडावर चढला, भिला भोई घोड्यावरून पडला. वर्गातल्या बाकीच्याही आता आधी अंदाज बोलत आणि मग बोट ठेवत. दगूबाईचा अंदाज नेहमी चुके आणि तिला त्याचीच मजा वाटे.

संध्याकाळी चुलीपुढे ती चिठ्ठ्या पुन्हा वाचून दाखवी. भिला भाकरीचा तुकडा हातात धरून ऐके. घोड्याची चिठ्ठी वाचली तेव्हा त्याने विचारलं, "मी? कव्हय पडनू?"

"पडेल नही, आबा. नुस्तं लिहेल शे."

"लिहेल शे ना? मंग मास्तरले सांग, आते घोडाबी लिही दे मन्हा नावनं."

आखाजी आली. गावातल्या पोरी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, गाणी झाली. सिंधुबाई यंदा झोक्यावर बसली नाही.

*

आठव्या दिवशी कारकून टांग्यातून उतरले. काळा कोट, छत्री, काखेत वही, खिशात घड्याळ. बाभळीखाली त्यांना गोणपाट अंथरून दिलं. नऊच्या नऊ बायका थोड्या अंतरावर येऊन बसल्या.

"वाचणारा कोण?" त्यांनी छगनकडे बघत विचारलं.

"मन्ही वहू," भिला म्हणाला.

कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही? पुरात चिठ्ठी आली तर ही चूल सोडून धावत येणार?"

"नावना तळमा पाणी ती उपसस, साहेब. नवरा बांबू धरस तव्हय ती नावमाच ऱ्हास."

"हुकमात माणूस म्हटलंय," मास्तर मध्येच म्हणाले. "पुरुष म्हटलेलं नाही."

गुडघ्यावर कागद ठेवून कारकुनांनी पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली. अक्षर उजवीकडे कललेलं, वाऱ्यात वाकलेल्या बाजरीसारखं. छापील नव्हतं, मास्तरांचंही नव्हतं. त्यांनी घड्याळ उघडून वहीवर ठेवलं आणि कागद तिच्याकडे दिला.

सिंधुबाईने कागद मांडीवर ठेवला. चित्र नव्हतं, पण बोर्डाची चिठ्ठी म्हटल्यावर त्यात काय असणार हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"वरती पाऊस... नाही." ती थांबली, पुन्हा बघितलं. नाहीच होतं. "पाणी वाढ—"

भिलाने मान हलवली. पाणी वाढतंच. चिठ्ठी त्यासाठीच येते.

तिचं बोट मात्र पुढे गेलं नव्हतं. 'वा' नव्हता तिथे. तिने डोळे मिटून उघडले आणि मागे येऊन टोचलं. "उ. त. र. त. उतरत. पाणी उतरत आहे."

कारकुनांनी वहीत काही तरी खूण केली.

"नाव सोडण्यास पर... परती..." हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. आधी जोडाक्षर, मग वेलांटी, पुढे डोक्यावर टिंब. बायकांतून कोणी तरी उसासा टाकला. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मास्तर जमिनीकडे बघत होते. तिने बोट उचललं आणि तो शब्द ओलांडून पुढे ठेवलं.

"...नाही. मात्र गाडी व गुरे घेऊ नयेत. माणसे दहापेक्षा जास्त नकोत." मग ती परत त्या शब्दाकडे आली. दोनदा चाचपला. "परतीबांध," ती म्हणाली. "माले हाऊ शब्द येस नही."

"मग चिठ्ठी कळली नाही म्हणायची," कारकून म्हणाले.

"कळनी."

"काय कळली?"

"पाणी उतरी ऱ्हायनं. माणसं दहा घ्या, गाडी नही, ढोर नही, असं पुढे लिहेल शे. नाव बंदच ठेवानी असती तं माणसं कसाले मोजतीस? म्हणजे नाव सोडानी."

कारकुनांनी तिच्याकडे पाहिलं, मग नदीकडे, मग घड्याळ मिटलं. वही पुढे ओढून त्यांनी बराच वेळ लिहिलं. लिहून झाल्यावर शाईची डबी उघडून वही भिलापुढे केली.

"कर अंगठा."

चाळीस वर्षं दरसाल भिलाने अशा वहीवर अंगठा केला होता. त्याने अंगठा शाईत बुडवलाही. मग तो तसाच वर धरला.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "पहिले मन्ही वहू वाची दाखाडी."

कारकुनांच्या कपाळाला आठी पडली. पण वही त्यांनी वळवली.

सिंधुबाई गुडघ्यांवर सरकली, ओळीखाली बोट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं :

"चिठ्ठीचे शब्द वीस. पहिल्या वाचनात बरोबर अठरा. मागे येऊन दुरुस्त केला एक. चुकला एक. वेळ सात मिनिटे. नाव चालवण्याचे काम पुढील एक साल भिला भोई याच्या घरी."